सत्तावन्न घड्याळं आणि एक परका डबा

सुनेने घड्याळजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना एकच डोळा होता आणि तो बशीएवढा होता. निदान ती तरी असंच सांगते. तेव्हा ती सून झालेली नव्हती. त्यांच्या मुलाची नुसती मैत्रीण होती आणि पत्ता शोधत शोधत, दुपारी बरोबर चार वाजता, दुकानाचं दार ढकलून आत आली होती. दाराने कुरकुर केली आणि त्याच क्षणी चारी भिंतींवरची सत्तावन्न घड्याळं तिच्या अंगावर ओरडली. कोणी घणाघणा, कोणी किणकिण, आणि एक लाकडी पक्षी तर खोपट्यातून बाहेर येऊन तिच्या नाकासमोर चार वेळा शिव्या देऊन परत गेला. तिच्या हातातली पिशवी सुटली, पिशवीतली संत्री घरंगळत टेबलाखाली गेली, आणि टेबलाखालून एक संत्रं हातात धरून तो बशीएवढा डोळा हळूहळू वर आला. डोळ्याला भिंग लावलेलं आहे हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला वाटलं, हा माणूस नव्हेच, दुकानातलंच एखादं मोठं यंत्र आहे आणि माझ्या पायाने चुकून त्याला किल्ली बसली.

यंत्राने तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"चाळीस सेकंद मागे आहे."

"काय?"

"तुझं घड्याळ. काढ."

तिने काढून दिलं. सुरा दाखवणाऱ्याला देतात, तसं. ते घड्याळ परत मिळायला तीन आठवडे लागले. रोज विचारायला यावं लागे, रोज आलं की मुलगा घरात असे, रोज चहा होई. घड्याळ मिळालं त्या दिवशी लग्न ठरून चार दिवस झाले होते. "मी लग्न केलं ते घड्याळ परत हवं होतं म्हणून," असं ती पुढे पाहुण्यांना सांगायची, आणि घड्याळजी मान डोलावून म्हणायचे, "पण आता बघा, एक सेकंद इकडचा तिकडे होत नाही." ते घड्याळाबद्दल बोलत असायचे. सुनेला मात्र त्यांनी तेव्हापासून कायमचं 'चाळीस' हेच नाव ठेवलं. "चाळीस, जेवायला चल." "चाळीस, तुझा फोन वाजतोय." नव्या माणसाला वाटे, घरात आणखी एकोणचाळीस सुना असाव्यात.

आता यात थोडं मीठमसाला आहे. संत्री बहुधा दोनच होती. पण घड्याळजींबद्दल न वाढवता सांगितलं तरी ऐकणाऱ्याला वाढवल्यासारखंच वाटतं, त्याला कोण काय करणार?

त्यांचा एक नियम होता. दुरुस्तीला आलेल्या वस्तूला पहिला अख्खा दिवस हात लावायचा नाही. नुसतं तिच्यासमोर बसायचं, बघायचं आणि वहीत लिहायचं. "आजारी माणूस स्वतःच सांगतो काय होतंय ते," ते म्हणत, "आपण मध्ये बोललो नाही तर." एकदा सासूबाईंचा मिक्सर बिघडला तेव्हा ते सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले होते, आणि सासूबाई त्यांच्या पाठीमागे उभ्या राहून खलबत्त्यात मसाला कुटत होत्या. प्रत्येक घाव घड्याळजींच्या डोक्यात घातल्यासारखा. मिक्सर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत दुरुस्त झाला हे खरं, पण सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत हेही खरं.

जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते: ज्यांना स्क्रू दिसतो त्या, आणि ज्यांना दिसत नाही त्या. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू घरात येऊ द्यायच्या नाहीत असा त्यांचा बाणा होता, आणि तो दोन वर्षांपूर्वी मोडला. इंटरनेट कंपनीच्या माणसाने दुकानातल्या भिंतीवर, दोन लंबकांच्या घड्याळांच्या बरोबर मध्ये, एक काळा डबा ठोकला. डब्याला स्क्रू नव्हता. उलट पाठीवर कागद चिकटवलेला होता: 'कंपनीची मालमत्ता. उघडू नये.'

"माझ्या भिंतीवर, माझ्या विजेवर चालणार, आणि मीच उघडायचा नाही?" घड्याळजी म्हणाले. "हा पाहुणा आहे की जावई?"

त्या दिवसापासून त्याचं नाव 'परका' पडलं. रोज सकाळी ते सगळ्या घड्याळांवरून फडकं फिरवत, पण परक्यापाशी आले की फडकं त्याला वळसा घालून पुढे जाई. दोन वर्षांत त्याच्यावर धुळीची इतकी जाड गादी साचली की त्यावर मांजराने झोपावं.

सून राहायची वरच्या खोलीत आणि कामही तिथेच करायची. ती दुभाषी होती. एका केंद्राकडून तिला कामं येत. लांबच्या इस्पितळात एखादा रुग्ण असे ज्याला डॉक्टरांची भाषा येत नसे. पडद्यावर एका चौकटीत डॉक्टर, दुसऱ्या चौकटीत रुग्ण, आणि तिसऱ्या चौकटीत ही. डॉक्टर बोलले की ही रुग्णाच्या भाषेत सांगे, रुग्ण बोलला की डॉक्टरांच्या. दुभाष्याने 'डॉक्टर म्हणतात की' असं म्हणायचं नसतं. डॉक्टर जसं बोलले तसंच, 'मी' धरूनच बोलायचं असतं. त्यामुळे सासूबाई चहा घेऊन वर आल्या की सून त्यांना कधी "मी तुमचं पित्ताशय काढणार आहे" असं म्हणताना दिसे, तर कधी "मला तीन मुलं, एकही विचारत नाही" म्हणून डोळे पुसताना. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी दोनदा मुलाला फोन करून घरी बोलावलं होतं.

अडचण अशी होती की परका खाली आणि खोली वर. मध्ये दोन भिंती, आणि जिन्यापाशी सुट्या घड्याळांनी भरलेलं लोखंडी कपाट. परक्याची लहर तिथवर येऊन दमे. सून मग लॅपटॉप घेऊन जिन्यात चौथ्या पायरीवर बसे. तिथे बरं चाले.

एका शुक्रवारी तिथेही चाललं नाही. रुग्ण एक म्हाताऱ्या बाई होत्या. डॉक्टरांनी तपासणीचा कागद वाचला, चष्मा काढला आणि बोलले. सुनेने भाषांतर सुरू केलं, "घाबरायचं कारण", आणि पडदा थिजला.

'नाही' हा शब्द अकरा मिनिटांनी पोचला. तोवर त्या बाईंनी नातेवाइकांना बोलावून आपल्या बांगड्या कोणाला द्यायच्या ते सांगून ठेवलं होतं, आणि सगळं ठीक आहे कळल्यावर त्या बांगड्या परत मागताना फारच भांडण झालं, असं म्हणतात.

केंद्राच्या मुख्य बाईंचा दुपारी फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"महिन्यातली ही तिसरी वेळ. येत्या गुरुवारी दहा वाजता तुझा मोठा कॉल आहे. मी स्वतः ऐकणार. तुटला, तर एक तारखेपासून तू इथे कार्यालयात येऊन बसायचं. घरून काम बंद."

कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, बसने दीड तास. रात्री जेवताना तिने हे सांगितलं. नवरा गाडी शिकवायच्या शाळेत शिक्षक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकीच्या ब्रेकवर जगणारा, शांत माणूस. तो म्हणाला, "माझी शाळा तिथूनही सारखीच लांब. तसं झालं तर तिकडेच एखादी खोली बघू."

सासूबाईंनी वाढता वाढता हात थांबवला. "खोली?"

"खोली कशाला?" घड्याळजी म्हणाले. उठले, दुकानात गेले आणि सकाळीच किल्ली दिलेल्या घड्याळाला पुन्हा किल्ली द्यायला लागले. हा परका आता आपला मुलगा आणि सून घेऊन जाणार, एवढं त्या रात्री घड्याळजींना समजलं होतं, आणि ते त्यांना समजलंय हे सुनेला समजलं होतं.

शनिवारी त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "सर, मोडेम बंद करून परत चालू करा."

"मग?"

"मग चालेल, सर."

"बाळ, मी चाळीस वर्षं दुरुस्तीचं काम करतो. बंद करून चालू करणं ही दुरुस्ती असती तर मी डोळे कशाला फोडले असते?"

मुलीने तक्रार नोंदवली. सोमवारी कंपनीचा वायरवाला आला. खांद्यावर केबलचं भेंडोळं, कानामागे पेन. त्याने परक्यावरची धूळ फुंकली. ती सगळी घड्याळजींवर गेली आणि त्यावरून ते त्याला चार शब्द बोलले.

"काका, आमचं काम दारापर्यंत. दारापर्यंत लाइन खणखणीत आहे. आत कपाटं, भिंती तुमच्या. तुम्ही स्वतःचा एक राउटर घ्या, इथून केबल वर न्या, आणि वहिनींच्या टेबलावर ठेवा. वरती राज्य त्याचं."

"स्वतःचा म्हणजे? उघडता येतो?"

"तुमचाच तो. उघडा, नाहीतर त्यात झाड लावा."

घड्याळजींचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा उजळला. संध्याकाळी मुलगा राउटर घेऊन आला. चार शिंगं वर केलेला, पांढरा. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, झुरळ उताणं पडलंय." घड्याळजींनी तो उलटा केला आणि तळाशी चार स्क्रू पाहून त्यावरून प्रेमाने अंगठा फिरवला.

आता गुरुवारला दोनच दिवस उरले होते, आणि नियमाप्रमाणे मंगळवार बघण्यात गेला.

"बाबा, हा नवा आहे हो. आजारी नाही," सून काकुळतीला आली.

"ओळख तर होऊ दे, चाळीस."

नऊ ते सहा ते त्याच्यासमोर बसले. सुनेने नंतर वही पाहिली. 'नऊ वाजता: हिरवा दिवा. साडेनऊ: हिरवा दिवा. दहा दहा: हिरवा दिवा, जरा लुकलुकला, बाहेर ट्रक गेला. साडेबारा: जेवलो. एक: हिरवा दिवा.' आणि शेवटी, अधोरेखित: 'मागे पाच भोकं. चार पिवळी. एक निळं, वेगळं, लांब.'

या शेवटच्या ओळीत सगळा घोटाळा होता.

बुधवारी सकाळी त्यांनी केबल टाकली. ती केबल बघायला लांबून यावं अशी टाकली. भिंतीच्या कडेने, दर वितीवर एक खिळा, वळणावर बरोबर गोलाई, जिन्याच्या कठड्याखालून वर. मग भिंग लावून केबलचं टोक राउटरच्या पिवळ्या भोकात बसवलं. निळ्यात नाही. कारण घड्याळाच्या आत एखादा स्क्रू वेगळ्या रंगाचा असला तर तो कारखान्याने एकदाच बसवलेला असतो, आणि त्याला हात लावतो तो शहाणा घड्याळजी नव्हे. चाळीस वर्षं त्यांनी असल्या स्क्रूंना हात लावला नव्हता. दुसऱ्या कोणी आंधळेपणाने केबल खुपसली असती तर पाचात एक वेळ तरी बरोबर पडली असती. घड्याळजींनी विचार केला म्हणून ती चुकली.

आणि घरात गोंधळ माजला. सासूबाईंचा फोन चालू, सुनेचा लॅपटॉप बंद. पाच मिनिटांनी लॅपटॉप चालू, फोन बंद. मग दोन्ही बंद. मग फोन म्हणाला मी जोडलेला आहे, पण कशाला ते सांगेना.

"अहो, काय केलंत?" सासूबाई खालून ओरडल्या. "माझी भाची अर्ध्यातच गेली!"

"कोण गेली?" नवरा घाबरून बाहेर आला.

"फोनवरून गेली रे! तोंड उघडं ठेवून बसली आहे."

सुनेने नेटवर शोधून पाहावं म्हटलं तर नेटच नाही. दुपारचे दोन वाजले. तिने मोबाइलच्या साध्या लाइनवरून वायरवाल्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर चालू केला.

"वहिनी, केबल कुठल्या भोकात घातली?"

"पिवळ्या."

"आई गं! मग दोन्हीकडे डीएचसीपी चालू, आयपी तोच, सगळा कॉन्फ्लिक्ट..." वायरवाला असाच पुढे बराच बोलत राहिला.

"काय म्हणतो तो?" घड्याळजींनी विचारलं. "मराठीत बोल म्हणावं."

सुनेने पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, आणि कामावर असल्यासारखी बोलायला लागली.

"काका, घरातल्या प्रत्येक फोनला, प्रत्येक लॅपटॉपला एक नंबर लागतो. आजवर तो परका एकटा नंबर वाटत होता. आता तुमचा राउटरही वाटतोय. दोघंही स्वतःला घरातलं मुख्य घड्याळ समजतायत. वायर निळ्यात घालायची हे मी सोमवारीच सांगणार होतो, पण तुम्ही मला धुळीवरून बोललात म्हणून मी निघून गेलो."

"ही 'गेलो' काय म्हणते?" सासूबाईंनी मुलाला विचारलं.

"आई, ती आता वायरवाला आहे."

घड्याळजी मात्र पायरीवर बसले होते. "साबणाचा कारखाना," ते म्हणाले.

तरुणपणी एका साबणाच्या कारखान्यात घड्याळांची देखभाल त्यांच्याकडे होती. कचेरीत एक मुख्य घड्याळ. ते दर मिनिटाला तारेतून ठोका पाठवी आणि वीस दालनांतली वीस घड्याळं त्या ठोक्यावर काटा पुढे सरकवीत. मग एका हौशी साहेबाने दुसरं मुख्य घड्याळ आणून त्याच तारेला जोडलं. दोन्हीकडून ठोके. त्या दिवशी एका दालनात जेवणाची सुटी झाली आणि शेजारच्या दालनात लोक घरी गेले.

"एकाला गप्प करायचं," घड्याळजी म्हणाले. "मारायचं नाही, तार त्याच्यातूनच येते. नुसती तार पुढे जाऊ दे, त्याने स्वतः तोंड उघडायचं नाही. विचार त्याला, परक्याला असं गप्प करता येतं का."

सुनेने विचारलं. पलीकडून वायरवाला ओरडलाच.

"म्हणजे ब्रिज मोड! काकांना ब्रिज मोड माहीत आहे?"

"काका साबणाच्या कारखान्यात शिकले," सून म्हणाली.

"वहिनी, ते मी इथूनच करून देतो. पण एकदा आमचा डबा गप्प झाला की कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये भरावा लागेल. कनेक्शन घेतलं तेव्हा कागद दिला होता. दोन वर्षं झाली. नसेल तर अर्ज करा, चार दिवस लागतात."

चार दिवस! सुनेने कपाळाला हात लावला. एवढ्यात घड्याळजी खाली जाऊन तो कागद घेऊन वर आलेही होते. कागदाच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मिळाला अकरा वाजून बारा मिनिटांनी. माणूस सात मिनिटं उशिरा.'

केबल निळ्या भोकात गेली. घड्याळजींनी ती बसवताना डोळे मिटून घेतले. खाली परक्याचे दिवे एकामागून एक विझले आणि एकच उरला. सुनेने राउटरच्या पानावर नाव भरलं, पासवर्ड भरला. घरातले चौघं त्या चार शिंगांकडे बघत उभे राहिले. निळा दिवा लागला. खालून भाचीचा आवाज आला, "मावशी, अगं मावशी, कुठे गेलीस?"

गुरुवारी सकाळी घड्याळजींनी घरात संचारबंदी लावली. कोणी व्हिडिओ बघायचा नाही, कुकर लावायचा नाही, मुलाने खोकायचं असेल तर शाळेत जाऊन खोकायचं. पावणेदहाला सून टेबलाशी बसली. कानात यंत्र, समोर पाण्याचा पेला. पडद्यावर शल्यविशारद आले, रुग्ण आला. तो एक मोठा, घाबरलेला सुतार होता. चौथ्या चौकटीत, चेहरा न दाखवता, मुख्य बाई.

दहाला एक मिनिट कमी असताना तिला घड्याळं आठवली. आता खाली सत्तावन्न घड्याळं दहा-दहा ठोके देणार होती, आणि मायक्रोफोन चांगला होता.

दहा वाजले. काहीच वाजलं नाही.

कॉल पन्नास मिनिटं चालला. सुताराने विचारलं, हातात पुन्हा रंधा धरता येईल का. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी. सुनेने ते सांगितलं, अख्खं, एका श्वासात, आणि सुताराने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मुख्य बाई शेवटी फक्त म्हणाल्या, "ठीक आहे. घरूनच कर." आणि गेल्या.

ती धावत खाली आली. दुकानात कधी नव्हती अशी शांतता होती. एकूण एक लंबक लोंबकळत थांबला होता, लाकडी पक्ष्याच्या दाराला चिकटपट्टी लावली होती, आणि घड्याळजी परक्यासमोर स्टुलावर बसून त्याच्या एकुलत्या दिव्यावर नजर ठेवून होते.

"बाबा, सगळी बंद केलीत?"

"थोडा वेळ." त्यांनी वळून पाहिलं नाही. "हा मध्येच बोलला तर म्हटलं, समोर कोणीतरी असावं."

"बाबा, कॉल झाला. नीट झाला. आम्ही कुठे जात नाही."

"बरं," घड्याळजी म्हणाले. मग खिशातून फडकं काढलं आणि परक्याचं कपाळ पुसलं. "किती वाजले?"

सासूबाई दारातून हसल्या. चाळीस वर्षांत हा प्रश्न घड्याळजींनी दुसऱ्या कोणाला विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. सत्तावन्न घड्याळं पुन्हा एका ठोक्यावर आणायला पुढे दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत शेजारच्या न्हाव्याची आणि फुलवालीची कामाची वेळ वीस मिनिटांनी चुकली, कारण दोघंही घड्याळजींच्या ठोक्यावर दुकान बंद करत.

आठ महिन्यांनी केंद्राने नवी इमारत घेतली आणि ती भरावी म्हणून सगळ्याच दुभाष्यांना कार्यालयात बोलावलं. खोली मात्र मुलाने आणि सुनेने घेतली नाही. सून सकाळी सव्वासातच्या बसने जाते.